कवच पातळ आणि कुरकुरीत यावे म्हणून: घरच्या ओटीजीत वाफेचा वापर

घरी भाजलेल्या ब्रेडविषयी नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी, की आतला भाग मऊ आणि जाळीदार झाला तरी वरचे कवच जाड, फिकट आणि चिवट राहते. किंवा गोळ्याला वर दिलेली चीर मिटलेलीच राहते आणि ब्रेड बुडाशी भलतीकडेच फाटतो. दोष बहुधा यीस्टवर किंवा मैद्यावर ढकलला जातो. पुष्कळदा ते दोन्ही ठीक असतात; कमी पडतो तो भाजण्याच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत गोळ्याभोवती हवा असलेला ओलावा. व्यावसायिक भट्ट्यांमध्ये कळ दाबताच वाफ सोडण्याची सोय असते आणि ती वाफ आत कोंडून राहते. आपल्याकडच्या ओटीजीला, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल या विजेच्या छोट्या घरगुती भट्टीला, तशी सोय नसते, आणि वाफ कोंडून ठेवण्याइतके त्याचे दारही घट्ट बसत नाही.

म्हणूनच या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. घरी वाफ तयार करणे सोपे आहे. ती गोळ्याभोवती टिकवणे अवघड आहे. तापलेल्या तव्यावर पाणी ओतले की भरपूर वाफ निघते, डोळ्यांना समाधान वाटते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्यातली बरीचशी दाराच्या फटींतून स्वयंपाकघरात येते. त्यामुळे जास्त पाणी कसे ओतावे यापेक्षा थोडी वाफ कशी अडवावी याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

येथे सांगितलेली रीत कडक कवचाच्या ब्रेडसाठी आहे: आंबवणाचा सावरडो, लांबट बगेत, ब्रून पाव, साध्या मैद्याचा किंवा मैदा-कणकेचा गोल ब्रेड. लादीपाव, बन किंवा दूध-लोणी घातलेला सँडविच ब्रेड यांचे कवच मऊच असायला हवे. त्यांच्यासाठी हा खटाटोप करण्याची गरज नाही.

वाफ नेमके काय करते

भाकरी थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवला जातो. तो फिरवायला उशीर झाला की वरचा भाग सुकतो, त्याला भेगा पडतात, आणि उलटल्यावर आतली वाफ त्या भेगांमधून निसटून भाकरी फुगत नाही. आपल्या सोलापुरात ज्याने चुलीजवळ किंवा गॅसजवळ उभे राहून भाकरी पाहिली आहे, त्याला ब्रेडमधल्या वाफेचे काम निराळे समजावून सांगावे लागत नाही. ओटीजीतल्या गोळ्याचा वरचा पापुद्रा फुगण्याचे काम पूर्ण होईपर्यंत ओला आणि लवचिक राहावा, एवढेच आपल्याला साधायचे असते. हात घालून पाणी लावणे तिथे शक्य नसते, म्हणून ते काम वाफेकडे सोपवायचे.

गोळा ओटीजीत जातो तेव्हा तो आजूबाजूच्या हवेच्या मानाने फारच थंड असतो. वाफ त्या थंड पृष्ठभागाला टेकताच तिचे पुन्हा पाणी होते आणि पाण्याचा एक अतिशय पातळ थर गोळ्यावर बसतो. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि वाफेचे पाणी होताना तेवढीच उष्णता ती त्या जागी सोडते. म्हणजे वाफ गोळ्याला ओले ठेवते आणि त्याच वेळी कोरड्या गरम हवेपेक्षा पुष्कळ वेगाने तापवते. आतला वायू या उष्णतेने प्रसरण पावतो, यीस्ट ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मरण्यापूर्वी शेवटचा जोर लावते, आणि वरचा पापुद्रा अजून ताणता येण्याजोगा असल्यामुळे गोळा मोकळेपणाने वर उचलला जातो. वाफ नसेल तर पापुद्रा काही मिनिटांतच सुकून कडक होतो. आतला जोर मग सर्वांत दुबळी जागा शोधतो, आणि ती बहुधा बुडाजवळ सापडते.

कवचाची चकाकीही याच ओल्या थरातून येते. गव्हातला स्टार्च ६० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतो आणि त्याची खळ होते. पृष्ठभागावर पाणी असेल तर तिथल्या स्टार्चचीही अशी खळ होते, आणि पुढे ती वाळली की पातळ, चकचकीत, दाताखाली मोडणारे कवच मिळते. पाणी नसेल तर वर कोरडे पीठच भाजले जाते, आणि ते कवच राखट, खरखरीत दिसते.

यातूनच वेळेचे गणितही कळते. गोळ्याचा पृष्ठभाग थंड असतो तोवरच वाफ त्यावर पाणी होऊन बसते. तो शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की तिचा हा उपयोग संपतो. दहाव्या मिनिटाला आठवण झाली म्हणून आत पाणी ओतण्यात अर्थ नाही. गोळा आत जाताना वाफ तिथे हजर हवी. उलट, फुगणे संपल्यानंतर वाफ बाहेर गेलीच पाहिजे, कारण पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि तांबूस रंग व भाजल्याचा खमंगपणा आणणाऱ्या क्रिया १४० अंशांच्या पुढे कुठे वेग घेतात.

भट्टीत मुद्दाम वाफ सोडण्याची ही रीत पॅरिसमध्ये रुजवण्याचे श्रेय बहुधा ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थांना दिले जाते. त्यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली होती. लाकडावरच्या मोठ्या भट्टीत मात्र एका वेळी इतका माल भरलेला असतो, की पिठातून निघणाऱ्या पाण्यानेच आतली हवा ओली राहते. घरी आपण एकच ब्रेड भाजतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक भेडसावतो.

पाणी किती लागते

हिशेब करून पाहिला तर आश्चर्य वाटते. २३० अंशांना ४० लिटरचा ओटीजी एकदा वाफेने पूर्ण भरायला केवळ १७-१८ ग्रॅम पाणी पुरते, म्हणजे मोठा चमचाभर. पाच लिटरच्या बंद भांड्याला तर दोन-सव्वादोन ग्रॅम पुष्कळ होतात, आणि एवढे पाणी गोळ्यातूनच निघते. साधारण ८५० ग्रॅमचा गोळा भाजून होईपर्यंत आपल्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक पाणी गमावतो. भांड्यावर झाकण असेल तर त्यातला सुरुवातीचा अंश गोळ्याभोवतीच राहतो, आणि बाहेरून पाण्याचा थेंबही घालावा लागत नाही. झाकणाच्या भांड्यात ब्रेड भाजण्याची रीत जगभर घरोघरी पोहोचली ती २००६ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिथले बेकर जिम लेही यांची न मळता ब्रेड करण्याची कृती छापल्यानंतर. तिच्या यशामागे हे एवढेच साधे कारण आहे.

उघड्या ओटीजीत वाफ करायची असेल तर दुसराही एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता कुठून तरी यावी लागते. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याची वाफ करण्यासाठी १५०० वॅटच्या ओटीजीच्या वर-खाली असलेल्या विजेने तापणाऱ्या दांड्यांना पूर्ण जोराने अडीच मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ ती उष्णता ब्रेडच्या वाट्याला येत नाही. म्हणून वाफेसाठी लागणारी उष्णता जड लोखंडात आधीच साठवून ठेवावी. दोन किलोचा बिडाचा तवा २३० अंशांपर्यंत तापवला, तर शंभर अंशांपर्यंत निवताना तो सुमारे पन्नास ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करू शकतो. पत्र्याचा पातळ ट्रे हे काम करू शकत नाही. त्यात ओतलेले पाणी एकदा चर्र करते आणि मग नुसते साचून राहते.

झाकणाचे भांडे: माझी पहिली शिफारस

बिडाचे घट्ट झाकणाचे भांडे जवळ असेल तर उत्तमच. ते मुद्दाम विकत घेण्याची मात्र गरज नाही. बहुतेक घरांत बिडाचा सपाट तवा असतो, आणि स्टीलचे किंवा अॅल्युमिनियमचे मोठे पातेलेही असते. तवा ओटीजीच्या खालच्या जाळीवर ठेवावा, गोळा तव्यावर ठेवावा आणि पातेले त्यावर पालथे घालावे. गोळा वरून खोल भांड्यात सोडण्यापेक्षा सपाट तव्यावर सरकवणे सोपे जाते, हात भाजण्याचा धोका कमी होतो, आणि पालथे पातेले वरच्या दांडीची थेट धगही अडवते. तव्याला खोलगट आकार असेल तर पातेल्याची कड नीट टेकत नाही. अशा वेळी बिडाची कढई घेऊन तिच्यावर जाड सपाट झाकण ठेवावे.

पातेले निवडताना दोन गोष्टी मोजून पाहाव्यात. ओटीजी थंड असताना तवा आणि पालथे पातेले आत ठेवून दार लागते का आणि वरच्या दांडीपासून निदान दोन बोटे अंतर उरते का हे पाहावे. आणि फुगलेल्या गोळ्याला पातेले चारी बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर मोकळे राहील एवढे रुंद असावे. ८५० ग्रॅमच्या गोळ्याला २४ ते २६ सेंटिमीटर रुंद आणि १३-१४ सेंटिमीटर खोल पातेले पुरते. त्याला प्लास्टिकच्या मुठी नसाव्यात.

काही भांडी अजिबात वापरू नयेत. जुन्या घरांत पितळेची कल्हई केलेली सुरेख पातेली असतात आणि त्यांचा मोह होतो, पण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळते. ब्रेडसाठी ओटीजी आपण तेवढाच तापवतो, म्हणून पितळेचे भांडे बाहेरच असू द्यावे. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे डबेही नकोत. नॉनस्टिकचे भांडे रिकामे तापवू नये. काचेचे भांडे तापवून त्यात थंड गोळा टाकला तर ते तडकू शकते. कुंभाराकडची बिनरंगाची मातीची हंडी चालते, मात्र ती तापलेल्या ओटीजीत एकदम ठेवू नये. ती थंड ओटीजीतच ठेवून हळूहळू तापू द्यावी आणि गरम असताना तिला पाणी लावू नये.

आता प्रत्यक्ष कृती. ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ३३० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एवढे साहित्य घ्यावे. मैदा गिरणीगणिक आणि पिशवीगणिक कमी-अधिक पाणी पितो, म्हणून २० ग्रॅम पाणी मागे ठेवून मळायला सुरुवात करावी आणि गरज पडली तर ते नंतर घालावे. पीठ लवचिक होईपर्यंत मळावे आणि झाकून दुप्पट होऊ द्यावे. यापुढची पायरी महत्त्वाची आहे: गोळा वळताना त्याची वरची त्वचा ताणली गेली पाहिजे. ओट्यावर गोळा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत फिरवला की खालची कड ओट्याला किंचित चिकटते आणि वरचा भाग तुकतुकीत, ताठ होतो. ज्या गोळ्याला असा ताण नाही, तो कितीही वाफ दिली तरी पसरतो.

बांबूच्या दुरडीत सुती फडके अंथरावे, त्यावर ज्वारीचे पीठ चोळावे आणि गोळा पालथा, म्हणजे गुळगुळीत बाजू खाली, ठेवावा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे गोळा फडक्याला धरत नाही. मैदा भुरभुरला तर तो ओला होऊन गोळ्याला आणि फडक्याला चिकटवून टाकतो. दुरडी झाकून गोळा फुगू द्यावा. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर गोळा भाजायला तयार आहे असे समजावे. खळगा मुळीच भरून येत नसेल तर गोळा जास्त फुगलेला आहे, आणि अशा गोळ्याला वर चढण्यासाठी जोर उरलेला नसतो.

त्याआधी चाळीस मिनिटे ओटीजी दोन्ही दांड्यांवर २३० अंशांना, आणि बटण पुढे जात असेल तर २५० अंशांना, तापत ठेवावा. तवा आणि पातेले दोन्ही आतच असावीत. दिवा विझला म्हणजे हवा तापली, लोखंड तापले असे नव्हे. ओटीजीचे बटण दाखवते आणि आत असते त्यात बराच फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक घेतलाच पाहिजे असे मी म्हणेन. तो फार महाग नसतो आणि पुष्कळ गैरसमज दूर करतो.

गोळा बेकिंग पेपरवर उलटा करावा, जास्तीचे पीठ कोरड्या ब्रशने झटकावे, आणि नव्या ब्लेडने एक लांब चीर द्यावी. ब्लेड उभे न धरता तिरपे धरावे, जवळपास आडवे, आणि चीर अर्धा ते एक सेंटिमीटर खोल असावी. हात थांबू देऊ नये. ब्लेड अडखळले की कड फाटकी होते. आता पातेले काढावे, कागदासकट गोळा तव्यावर सरकवावा, गोळ्यावर चमचाभर पाणी शिंपडावे आणि पातेले ताबडतोब पालथे घालावे. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम, आणि आवश्यक वाफेच्या दुपटीहून ते अधिकच आहे. त्यापलीकडे पाणी घालू नये.

वीस मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर पातेले काढताना त्याची कड आपल्यापासून दूरच्या बाजूने आधी उचलावी, म्हणजे वाफ चेहऱ्याकडे येत नाही. या वेळी ब्रेड पूर्ण फुगलेला, फिकट पिवळसर आणि तेलाचा हात लावल्यासारखा तकाकीदार दिसला पाहिजे, चिरेची एक कड पातळ ओठासारखी वर उचललेली असली पाहिजे आणि पातेल्याच्या आतल्या बाजूला ओलसरपणा जाणवला पाहिजे. रंग आला नाही म्हणून घाबरू नये. रंग यापुढे येणार आहे. तापमान २१० ते २२० अंशांवर आणून आणखी वीस ते पंचवीस मिनिटे उघडा भाजावा. वरची दांडी फार जवळ असेल आणि रंग झपाट्याने चढत असेल तर जाळी एक घर खाली घ्यावी. कवच गडद तांबूस झाले आणि बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. तापमापकाची सुई खुपसून पाहायची असेल तर आतले तापमान ९४ ते ९६ अंश असावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्यामुळे येथे पाणी शंभर अंशांच्या किंचित खालीच उकळते. आतला ओला भाग त्यापलीकडे तापणार नाही, म्हणून सुई ९९ दाखवण्याची वाट पाहत ब्रेड सुकवू नये.

झाकण घालता येत नसेल तेव्हा

बगेतसारखे लांब ब्रेड किंवा एका वेळी सहा-आठ ब्रून भाजायचे असतील तर पातेले पुरत नाही, आणि वाफ ओटीजीतच करावी लागते. आत हवा फिरवणारा पंखा असेल तर तो पहिली पंधरा मिनिटे बंद ठेवावा, कारण तो वाफ बाहेर ढकलतो आणि पृष्ठभाग सुकवतो. दांड्या स्वतंत्र चालू-बंद करता येत असतील तर या वेळात फक्त खालची दांडी चालू ठेवावी.

सर्वांत खालच्या घरात, दांडीला न टेकता, बिडाचा जड तवा किंवा कढई ठेवून चाळीस मिनिटे तापवावी. ब्रेड आत गेला की तिच्यात अर्धा कप उकळते पाणी ओतून दार लगेच लावावे. पाणी उकळतेच हवे, याचे मुख्य कारण उष्णतेची बचत हे नाही; बिडावर थंड पाणी पडले तर ते तडकण्याची भीती असते. पाणी ओतण्यापूर्वी ओटीजीचे भिंतीवरचे बटण बंद करावे, आणि दाराच्या काचेवर एक कोरडे फडके टाकावे, कारण तापलेल्या काचेवर पाण्याचे चार थेंब पडले तरी ती फुटू शकते. ओतण्यासाठी लांब नळीची किटली किंवा लांब दांड्याचा डाव वापरावा आणि पूर्ण बाह्यांचा कपडा घालावा. फडके काढायला आणि बटण पुन्हा सुरू करायला विसरू नये. वाफेचा चटका तव्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो, कारण ती कातडीवर पाणी होताना आपली सगळी साठवलेली उष्णता तिथेच सोडते. गोळ्याला जे उपकारक ठरते, तेच हाताला घातक ठरते. भांडी धरण्याचे फडके कोरडेच असावे. ओल्या फडक्यातून चटका क्षणात पोहोचतो.

सोलापुरात कूपनलिकेचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याची वाफ झाली की तव्यावर पांढऱ्या क्षाराचा थर बसतो आणि काही दिवसांत तो खरवडावा लागतो. त्यासाठी एखादी जुनी कढई वेगळी ठेवावी किंवा फिल्टरचे पाणी वापरावे. ब्रेडच्या चवीला त्या क्षाराने बाध येत नाही, कारण तो वाफेबरोबर वर जात नाही.

मोठा ओटीजी असेल तर ओल्या टॉवेलची रीत याहूनही चांगली आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला टेरी टॉवेल ज्या गावात विणला जातो, तिथे ती अवश्य करून पाहावी. टेरीच्या कापडावर दोन्ही बाजूंना सुताचे बारीक फासे असतात. त्यांत पाणी भरपूर मुरते आणि वाफ व्हायला पृष्ठभागही भरपूर मिळतो, म्हणून वाफ एकदम उसळून न जाता पंधरा मिनिटे संथपणे निघत राहते. जुना, शंभर टक्के सुती, हात पुसण्याचा छोटा टॉवेल गुंडाळून खोलगट केकच्या डब्यात ठेवावा, तो पूर्ण भिजून वर बोटभर राहील एवढे उकळते पाणी ओतावे, आणि ब्रेड आत ठेवण्याच्या दहा मिनिटे आधी डबा आत सरकवावा. टॉवेल डब्याबाहेर लोंबता कामा नये आणि दांडीच्या जवळ जाता कामा नये. ओला आहे तोवर तो शंभर अंशांच्या वर तापत नाही, पण वाळला की करपेल आणि पेटूही शकेल. म्हणून पंधरा मिनिटांनी तो बाहेर काढलाच पाहिजे, आणि या वेळात ओटीजी सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. २५-३० लिटरच्या लहान ओटीजीत दांड्या फार जवळ असतात. तिथे ही रीत नको. पॉलिएस्टर मिसळलेला टॉवेलही नको.

फवारणीची बाटली मला फारशी उपयोगी वाटत नाही. दार उघडून आत पाणी फवारले की जितकी वाफ होते, तितकीच गरम हवा बाहेर जाते, आणि थेंब दिव्यावर किंवा काचेवर पडण्याची भीती राहते. ब्रेड आत ठेवण्यापूर्वी बाहेरच गोळ्यावर बारीक फवारा मारला तर मात्र चांगला उपयोग होतो. बर्फाचे खडे टाकण्याचा सल्लाही ऐकू येतो. पण बर्फ वितळायला, ते पाणी तापायला आणि मग त्याची वाफ व्हायला वेळ लागतो, आणि आपल्याला वाफ तर पहिल्या मिनिटापासून हवी असते.

वाफ कधी काढायची हे ब्रेड पाहून ठरवावे. लहान ब्रूनना आठ-दहा मिनिटे पुरतात, बगेतला बारा, मोठ्या गोल ब्रेडला पंधरा ते वीस. वर फुगणे थांबले आणि चिरेच्या आतला भाग कोरडा दिसू लागला की पाण्याचे भांडे काढावे, दार पाच-दहा सेकंद पूर्ण उघडून वाफ जाऊ द्यावी आणि मग दोन्ही दांड्या चालू कराव्यात. वाफ जास्त झाली तर तिच्याही खुणा दिसतात: चीर उमटण्याऐवजी पुसट होऊन बुजते, ब्रेड चपटा राहतो, आणि कवच चकचकीत असूनही थंड झाल्यावर रबरासारखे लागते. कवच राखट आणि ब्रेड बाजूने फुटलेला असेल तर वाफ कमी पडली, उशिरा आली किंवा गोळा पुरेसा फुगण्यापूर्वीच आत गेला.

सोलापूरची हवा आणि ब्रेडचे कवच

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. अशा दिवसांत कवचाचे नुकसान ओटीजीत जाण्याआधीच होते, कारण फुगत ठेवलेल्या गोळ्यावर पाऊण तासात सुकी साय धरते, आणि ती एकदा धरली की आतली कितीही वाफ तिला पूर्ववत करत नाही. दुरडी ओल्या पिळलेल्या फडक्याने झाकून वर मोठे पातेले पालथे घालावे किंवा सगळी दुरडीच मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. पंखा थेट तिच्यावर सोडू नये.

त्याहून चांगला उपाय म्हणजे वळलेला गोळा झाकलेल्या दुरडीसह रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणे आणि सकाळी, स्वयंपाकघर तापण्यापूर्वी, फ्रिजमधून थेट ओटीजीत घालणे. उन्हाळ्यात ओट्यावर गोळा पाहता पाहता जास्त फुगतो, ती अडचण यामुळे टळते. थंड गोळ्यावर चीर स्वच्छ पडते. आणि पृष्ठभाग जितका थंड, तितकी वाफ त्यावर अधिक वेळ पाणी होऊन बसते, म्हणजे कवचाला तकाकी अधिक येते. दीर्घ आंबवणात पिठातली साखरही थोडी वाढते, त्यामुळे रंग खुलतो आणि फ्रिजमधल्या गोळ्याच्या कवचावर बारीक फोड उठतात, जे अनेकांना फार आवडतात.

भाजून झालेला ब्रेड शेवटची पाच मिनिटे ओटीजी बंद करून, दार किंचित उघडे ठेवून आतच राहू द्यावा आणि मग जाळीवर काढावा. ओट्यावर किंवा ताटात ठेवला तर बुडाला घाम येऊन ते मऊ पडते. निवताना आतला ओलावा बाहेरच्या कवचाकडे सरकत असतो. कवच नीट वाळलेले असेल तर ते तडतड आवाज करत बारीक तडकते. किमान दीड तास कापू नये. गरम असताना कापलेला ब्रेड आत गिच्च लागतो, आणि वाफ कापलेल्या तोंडातून एकदम निघून गेल्याने उरलेला भाग लवकर शिळा होतो.

उन्हाळ्यात कवच दिवसभर कडक राहते, पण आतला भाग भरभर सुकतो; म्हणून कापलेली बाजू फळीवर पालथी ठेवून वर सुती फडके टाकावे. पावसाळ्यात नेमके उलटे होते आणि संध्याकाळपर्यंत कवच मऊ पडते. त्या वेळी ब्रेडवर पाण्याचा हलका हात फिरवून १८० अंशांना तापलेल्या ओटीजीत सात-आठ मिनिटे ठेवला की कवच पुन्हा कुरकुरीत होते. मात्र असा गरम केलेला ब्रेड त्याच जेवणात संपवावा, कारण दुसऱ्यांदा तो लवकर कडक होतो. प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा असेल तर तो पूर्ण थंड झाल्यावरच भरावा आणि कवच मऊ होणार हे गृहीत धरावे. कागदी पिशवी किंवा सुती फडके यांत ते अधिक काळ टिकते.